मथळ्यासाठी अनवट देवनागरी फॉन्ट: निवड आणि पारख

प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्री या विषयावरील दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ करायचे आहे, त्यावर 'दऱ्याखोऱ्यांचा महाराष्ट्र' हे शीर्षक मोठ्या अक्षरांत यायचे आहे आणि नेहमीच्या फॉन्टचा आता कंटाळा आला आहे. काहीतरी कल्पक, चारचौघांत उठून दिसणारे, परंतु खिशाला परवडणारे देवनागरी फॉन्ट कोणते, आणि त्यातला चांगला कोणता हे ओळखायचे कसे?

मुखपृष्ठे आणि नाटकांच्या जाहिराती करण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून मी प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तो सुटला की पहिला बराचसा आपोआप सुटतो. फॉन्टच्या संकेतस्थळावर जो नमुना दिसतो तो बहुधा 'कखगघ' किंवा एखाद्या गुळगुळीत वाक्याचा असतो. त्यात फॉन्ट देखणा दिसला तर नवल नाही. क आणि ख देखणे काढणे अवघड नसते. देवनागरीत अनवट फॉन्टचे खरे दुखणे मुळाक्षरांत नसून जोडणीत असते: अर्ध्या अक्षराला पूर्ण अक्षर कसे चिकटते, रफार आणि दीर्घ वेलांटी एकाच खांद्यावर कशी बसतात, उकार खाली किती उतरतो, आणि शिरोरेषा या सगळ्यांना धरून ठेवते की नुसती वरून जाते. म्हणून नमुना पाहून फॉन्ट निवडू नये. आपले स्वतःचे शीर्षक त्यात बसवावे आणि मगच बोलावे.

या दृष्टीने तुमचे शीर्षक म्हणजे तयार परीक्षाच आहे. 'ऱ्या' हे अक्षर त्यात दोनदा आले आहे. हा र म्हणजे य किंवा ह यांच्या डावीकडे टेकलेली लहानशी आडवी वळणदार रेघ. हिंदीत तिचे काम पडत नाही, मराठीत मात्र तिच्यावाचून चालत नाही, कारण 'दऱ्या' म्हणजे खोल दऱ्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांच्यात स्वयंपाकघर ते गुरुकुल इतके अंतर आहे. ज्या फॉन्टच्या रेषा फार जाड आहेत त्यात ही रेघ दोनपैकी एका मार्गाने फसते. ती इतर रेषांइतकी जाड केली तर एखादे वेगळेच अक्षर मध्ये घुसल्यासारखे वाटते, आणि बारीक ठेवली तर नंतर डकवल्यासारखी दिसते. ज्या अक्षरकाराने तिच्यासाठी य आणि ह यांच्या अंगात थोडी जागा आधीच करून ठेवली आहे, त्याचा फॉन्ट मराठी माणसाने डोळे झाकून घ्यावा.

टंकनाची एक अडचण येथेच सांगून टाकतो. ही रेघ युनिकोडमध्ये दोन प्रकारे उमटवता येते: खाली टिंब असलेला ऱ, त्यापुढे हलन्त, त्यापुढे य, किंवा साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत, आणि मग य. बरेच फॉन्ट दोन्ही ओळखतात, काही एकच ओळखतात. म्हणून 'ऱ्या' उमटले नाही तर फॉन्ट लगेच बाद करू नये, टंकनाची पद्धत बदलून पाहावी. दोन्ही पद्धतींनी रफारच उमटत असेल, तर तो फॉन्ट मराठीसाठी केलेलाच नाही.

शीर्षकात 'ष्ट्र' आहे. ट गोल बुडाचा, त्याला उभा दंड नाही, म्हणून र त्याच्या पोटाखाली लहान छपरासारख्या खुणेने लागतो. म्हणजे अर्धा ष, ट, आणि त्याखाली र, अशी गर्दी एका अक्षराच्या रुंदीत होते. मथळ्याच्या फॉन्टमध्ये ही खूण किती खाली जाते ते पाहावे. ती फार खाली गेली तर दोन ओळींतले अंतर वाढवावे लागते आणि शीर्षकाचा बांधा सैल होतो, आणि वर दाबली तर ट चे पोट भरून जाते. शीर्षकात ख सुद्धा आहे. जुन्या खिळ्यांतला, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांतला, ख पुष्कळदा 'रव' असा सुटा वाचला जाई. 'खाना' आणि 'रवाना' यांवरचे विनोद त्यातूनच आले. हल्ली र चा पाय पुढच्या अंगाला जोडून घेतात, परंतु जुन्या हस्तलिखितांवरून बेतलेल्या काही फॉन्टमध्ये सुटा ख पुन्हा भेटतो, आणि 'दऱ्यारवोऱ्या' असे मुखपृष्ठावर वाचले गेले तर दोष वाचकाचा नसतो.

हे तपासून झाल्यावर मी माझे काही ठेवणीतले शब्द टाकून पाहतो: मूर्तींचा, व्यक्तिमत्त्व, उद्ध्वस्त, वाङ्मय, हृदय, कुऱ्हाड, ॲसिड, ऑक्टोबर. 'मूर्तींचा' या शब्दात रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार तिन्ही एकाच जागी येतात आणि हौशी फॉन्टमध्ये तेथे हमखास अपघात होतो. 'व्यक्तिमत्त्व' या शब्दात ऱ्हस्व वेलांटीला 'क्त' एवढ्या रुंद जोडाक्षरावर कमान टाकून त च्या दंडापर्यंत पोहोचायचे असते. चांगल्या फॉन्टमध्ये या एकाच वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक आकृत्या करून ठेवलेल्या असतात आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे योग्य ती निवडली जाते. जेथे एकच आकृती असते तेथे वेलांटी अर्ध्यावर थांबते, आणि मोठ्या मथळ्यात ती मोडक्या छत्रीसारखी दिसते. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसणे समजण्यासारखे आहे, आजच्या फॉन्टमध्ये नसणे नाही.

आणखी एक मराठी कसोटी ल आणि श यांची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले. हिंदी वळणाचा दंडयुक्त ल आणि शेंडीफोड्या श यांत चूक काहीच नाही. पण मराठी मुखपृष्ठावर ते परक्या उच्चारासारखे खटकतात. पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, मात्र संगणकाला मजकूर मराठी आहे असे सांगितल्याशिवाय मराठी वळण पुढे येत नाही. पानांची मांडणी करण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी करून पाहा, संकेतस्थळ करत असाल तर भाषेचा संकेत 'एमआर' असा द्या. तुमच्या शीर्षकात ल किंवा श नाही, परंतु 'सह्याद्री विशेषांक' ही ओळ त्याखाली येणारच.

आता थोडे मागे जातो, कारण देवनागरीत अनवट फॉन्ट एवढे कमी का, याचे उत्तर फॉन्ट निवडतानाही उपयोगी पडते. खिळ्यांच्या काळात इंग्रजी जुळाऱ्यासमोर असायचे त्याच्या कितीतरी पट अधिक खण मराठी जुळाऱ्याला सांभाळावे लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात मुंबईत जे खिळे पाडले ते मजकुरासाठी इतके उत्तम होते की देशभरच्या संस्कृत ग्रंथांना तेच हवे असत. परंतु एक नवा टाइप पाडायचा म्हणजे काही शे खिळ्यांचे पंच, म्हणजे पोलादी ठसे, कापायचे, आणि तो खर्च केवळ नखऱ्यासाठी कोण करणार? मग वेगळे अक्षर हवे असले की ते चित्रकाराकडून काढून घ्यायचे, त्याचा ब्लॉक करायचा आणि छापायचे, अशी वहिवाट पडली. आपल्याकडची कल्पक अक्षरे त्यामुळे खिळ्यांत न राहता हातात राहिली. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली सुरू केलेल्या 'दीपावली'सारख्या अंकांची मुखपृष्ठे पाहिली, किंवा कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे पाहिली, की हे लक्षात येते. शेडगे २०२० साली गेले. वर्तमानपत्राच्या दोन स्तंभांत नाटकाचे नाव असे मांडायचे की नाटकाचा स्वभाव त्या नावातच दिसावा, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. प्रत्येक नावाला त्यांनी वेगळे अक्षर दिले, आणि एका नावाचे अक्षर दुसऱ्याला चालले नसते. फॉन्टचे काम बरोबर याच्या उलट असते: एकदा काढलेले अक्षर हजार शब्दांत चालले पाहिजे. अनवट फॉन्टची सगळी ओढाताण या दोन टोकांमधली आहे.

डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आले तेव्हा फॉन्ट करणे स्वस्त झाले, पण एका फॉन्टमध्ये फार तर २५६ घरे, त्यांतलीही सगळी वापरता येत नसत. मग अक्षरांचे तुकडे करायचे आणि तुकड्यांतून जोडाक्षरे जुळवायची. श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा पद्धतींवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना हे ठाऊक आहे. त्या काळी सजावटी फॉन्ट पुष्कळ निघाले: सावलीचे, पोकळ, बर्फ साचलेले, पताकांचे. यांतल्या बहुतेकांत मूळ सांगाडा एकच आणि वरचा पोशाख निराळा होता. तुकड्यांच्या सांध्यापुढे अक्षरकाराला जाताच येत नव्हते. युनिकोड आणि ओपनटाइप हा फॉन्टचा नवा प्रकार यांनी ही भिंत पाडली. एका फॉन्टमध्ये हवी तितकी जोडाक्षरे अखंड काढता येऊ लागली, आणि साधारण २०१४ पासून गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे चांगले, विनामूल्य फॉन्ट येऊ लागले. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने आणि मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाने त्यात मोठा वाटा उचलला.

त्यांतले मी स्वतः वापरलेले काही सांगतो. 'मोदक' हा माझ्या मते आजवरचा सर्वांत धीट देवनागरी फॉन्ट आहे. एक टाइपचे सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचे हे काम. नावाप्रमाणे गुबगुबीत, रेषा इतक्या फुगवल्या आहेत की अक्षरांची पोटे केवळ केसाएवढ्या फटींपुरती उरली आहेत. गंमत अशी की डोळा काळ्या भागापेक्षा त्या पांढऱ्या फटीच वाचतो. लहान मुलांची पुस्तके, मिठाई, गणपती, विनोदी नाटक यांना तो शोभतो. एका बालनाट्याच्या भित्तिपत्रकावर मी तो पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात वापरला आणि दहा फुटांवरून तो अतिशय छान दिसला. पण त्याच भित्तिपत्रकाची वर्तमानपत्रातली जाहिरात एका स्तंभात आली तेव्हा शाई पसरून सगळ्या फटी बुजल्या आणि नावाच्या जागी एक लाल डाग उरला. मोदक लहान आकारात कधीही वापरू नये. तुमच्या विषयाला तर तो मुळातच नको. सह्याद्री गुबगुबीत नाही.

'बलू' हा त्याच घराण्यातला, पण बराच सोशिक. गोलसर, खेळकर, अनेक भारतीय लिप्यांत उपलब्ध, आणि 'बलू २' मध्ये सडसडीत ते जाड अशी वजनेही आहेत. तो इतका सोयीचा निघाला की आता दूध, शिकवणी, दवाखाना, निवडणूक असे सगळे त्यातच दिसते. अनवट फॉन्ट लोकप्रिय झाला की तो अनवट राहत नाही, आणि यात त्या फॉन्टचा काही दोष नसतो.

'यात्रा वन' मला फार आवडतो. कॅथरीन श्मिट यांनी मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतला. चपट्या ब्रशने पाटी रंगवणारा पेंटर अक्षर कोठे सुरू करतो, कोठे ब्रश वळवतो, ते त्यात दिसते. त्याचे रोमन अक्षर आणखी पाहण्यासारखे आहे. देवनागरीचा बोरू आणि रोमन लिपीची निब यांचे काप एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही लिप्यांत जाडबारीकपणा उलट दिशांनी पडतो. एरवी द्विभाषिक फॉन्टमध्ये देवनागरीला रोमनच्या कलाने वाकवले जाते. येथे रोमन अक्षरे देवनागरीच्या ब्रशच्या कलाने काढली आहेत, म्हणून ती किंचित तिरपागडी आणि फार जिवंत दिसतात. प्रवास, शहर, जुनी मुंबई असा विषय असेल तर हा फॉन्ट उत्तम.

'जैनी' हा गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे यांनी जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतील अक्षरांवरून केला. त्यात पोथीची घट्ट वीण आहे, आणि तरीही तो नकली जुना वाटत नाही. संतसाहित्य, संगीत, इतिहास यांच्या मुखपृष्ठांना मी तो सुचवतो. मात्र कोणताही जुन्या वळणाचा फॉन्ट घेताना वर सांगितलेली ख ची परीक्षा विसरू नये. 'रोझा वन' मध्ये जाड आणि बारीक रेषांतला फरक टोकाचा आहे. मोठ्या आकारात तो दागिन्यासारखा झळकतो, आणि लग्नपत्रिका, फॅशन, अत्तर यांच्या जगात शोभतो, पण खडबडीत कागदावर त्याच्या बारीक रेषा टिकत नाहीत. 'कलम' हाताने लिहिल्यासारखा आहे; पण त्यात प्रत्येक अ हुबेहूब सारखा येतो, आणि हस्ताक्षराचा भास तेथेच संपतो. 'खंड' आणि 'टेको' हे उंच, आटोपशीर, सरळ बांध्याचे फॉन्ट अनवट म्हणता येणार नाहीत, पण मोठ्या मथळ्याला ते भक्कम कणा देतात.

'अनेक' हा एक टाइपने २०२२ साली आणलेला फॉन्ट, रोमनसह दहा लिप्यांतला. वरवर पाहता तो साधा आहे. पण तो व्हेरिएबल, म्हणजे बदलता फॉन्ट आहे: जाडी आणि रुंदी दोन्ही हवी तशी खेचता येतात, आणि खेचताना रेषा विद्रूप होत नाहीत, कारण त्या खेचण्याचा हिशोब अक्षरकाराने आधीच करून ठेवला आहे. साध्या फॉन्टला संगणकावर आडवे ताणले तर उभे दंड जाड होतात आणि शिरोरेषा तेवढीच राहते; फ्लेक्सवरच्या शुभेच्छांत हा प्रकार आपण रोज पाहतो. 'अनेक'मध्ये तसे होत नाही. याचा उपयोग तुम्हाला कसा होईल ते शेवटी सांगतो.

काही गोष्टी टाळाव्यात. देवनागरीसारखी दिसणारी रोमन अक्षरे, म्हणजे वर शिरोरेषा ओढून इंग्रजी शब्दाला भारतीय वेष चढवणारे फॉन्ट, ही पर्यटनाच्या दुकानातली वस्तू आहे. मराठी मुखपृष्ठावर त्यांना काही काम नाही. त्याचप्रमाणे 'शिवकालीन' म्हणून मिळणारे, शिरोरेषेच्या टोकाला तलवारीचे पाते असलेले फॉन्ट. शिवकाळात महाराष्ट्राचा रोजचा कारभार मोडीत चाले, आणि मोडी लिहिताना आधी कागदभर रेघ आखून मग तिच्याखाली अक्षरे सलग ओघात लिहीत जात. त्या ओघाचा अभ्यास करून सुलेखनकार अच्युत पालव यांनी देवनागरी आणि मोडी यांच्या संगमातून जी मुक्तलिपी घडवली, ती पाहिल्यावर तलवारीची पाती किती वरवरची आहेत हे कळते.

शिरोरेषा काढून टाकण्याचा मोह तर प्रत्येक तरुण डिझायनरला एकदा होतोच, मलाही झाला होता. शिरोरेषेविना देवनागरी हलकी, आधुनिक आणि काहीशी गुजरातीसारखी दिसते. परंतु घ आणि ध, म आणि भ या जोड्यांतला फरक बराचसा शिरोरेषेच्या तुटण्यावर उभा आहे. ती गेली की तो सगळा भार एका छोट्या गाठीवर पडतो. ज्यांनी गाठ ठळक करून हे साधले आहे असे फॉन्ट आहेत. पण आपण नेहमीच्या फॉन्टवरून रेघ खोडून काढली तर 'धन' आणि 'घन' यांत काही उरत नाही. शिवाय अक्षरांमधले अंतर वाढवायचे असेल तर शिरोरेषा तुटते, हेही ध्यानात ठेवावे. इंग्रजीत मथळ्याची अक्षरे लांब लांब ठेवण्याची जी फॅशन आहे ती देवनागरीत जशीच्या तशी आणता येत नाही.

सॉफ्टवेअरविषयी थोडेसे, कारण निम्म्या तक्रारी फॉन्टच्या नसून त्याच्या असतात. इलस्ट्रेटरमध्ये पसंतीच्या तक्त्यात भारतीय लिप्यांचे पर्याय सुरू करावे लागतात, इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड रेडी कंपोझर' लावावा लागतो आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराचे 'वर्ल्ड रेडी' इंजिन निवडावे लागे. हे केले नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. काही वर्षांपूर्वी एका संमेलनाचा फलक मी घाईत फ्लेक्सवाल्याकडे मजकूर जिवंत, म्हणजे टंकलेलाच, ठेवून पाठवला. त्याच्या यंत्रावर जुनी आवृत्ती होती. सकाळी मांडवाच्या दाराशी वीस फुटी फलकावर 'निमंत्रितांचे' या शब्दातल्या दोन्ही वेलांट्या एकेक घर पुढे सरकल्या होत्या, आणि आलेले कवी त्याखाली उभे राहून छायाचित्रे काढत होते. दोष माझा होता. तेव्हापासून बाहेर जाणारी प्रत्येक फाइल मी कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे चित्राच्या रेषांत रूपांतर करूनच, देतो, आणि मजकूर जिवंत असलेली मूळ प्रत वेगळ्या नावाने जवळ ठेवतो, कारण कर्व्ह केलेल्या शब्दातले शुद्धलेखन नंतर सुधारता येत नाही.

परवान्याचे म्हणाल तर वर 'मोदक'पासून 'अनेक'पर्यंत सांगितलेले सगळे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. व्यावसायिक मुखपृष्ठ, बोधचिन्ह, संकेतस्थळ यांत ते विनामूल्य वापरता येतात, त्यांत फेरफारही करता येतात. एवढेच की नुसता फॉन्ट म्हणून तो विकता येत नाही, आणि बदललेली आवृत्ती वाटायची झाल्यास तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. दिवाळी अंकाच्या अंदाजपत्रकात फॉन्टसाठी पैसे नसतात म्हणून कोणाच्या पेनड्राइव्हवरून विकतचा फॉन्ट उचलण्याची आता खरोखर गरज नाही.

आता तुमचे शीर्षक. सह्याद्री म्हटले की शिरोरेषेलाच डोंगराची रेघ करावी, तिला शिखरे आणि खिंडी द्याव्यात, हे पहिल्या पाच मिनिटांत सुचते. म्हणूनच ते टाळा. शिरोरेषा वर खाली झाली की मात्रा आणि वेलांट्या लटकत राहतात आणि शब्द डुगडुगतो. शिवाय सह्याद्री देशावरून पाहिला तर टोकेरी नाहीच. माथ्याला पठाराची सपाट धार असते आणि तिथून कडा सरळ कोकणात कोसळतो. म्हणजे सपाट शिरोरेषा आणि तिला लटकलेली अक्षरे, हे चित्र आपल्या लिपीत आधीपासूनच आहे! ती रेघ सरळ राहू द्या, अक्षरे उंच आणि चिंचोळी घ्या, उभे दंड कड्यासारखे खाली येऊ द्या.

यासाठी मी 'अनेक' घेईन. 'दऱ्याखोऱ्यांचा' ही वरची ओळ सर्वांत चिंचोळ्या रुंदीत आणि जाड वजनात, आणि 'महाराष्ट्र' ही खालची ओळ रुंद अंगात, दोन्ही ओळी डावीउजवीकडे अचूक सारख्या लांबीच्या. रुंदी बदलली तरी दोन्ही ओळींतली रेषांची जाडी डोळ्यांना सारखी दिसेपर्यंत वजन थोडे वरखाली करा. आकड्यावर जाऊ नका, डोळे किलकिले करून पाहा. वरच्या ओळीत उकार नाही ही तुमच्या नशिबाची गोष्ट आहे, त्यामुळे दोन ओळी एकमेकींच्या बऱ्याच जवळ आणता येतील. पण खालच्या ओळीत 'ष्ट्र'खालची खूण आहे. तिच्याखाली 'सह्याद्री विशेषांक' ही ओळ ठेवताना ती खुणेवर आपटू नये म्हणून डावीकडे सरकवा.

एवढे झाले की शब्द कर्व्ह करा, मोठ्या कागदावर छापा आणि पेन्सिल हातात घ्या. 'ऱ्या' दोनदा आले आहे. फॉन्टमध्ये ती दोन्ही अक्षरे जुळी असतात. हाताने काढणाऱ्याने ती कधीच जुळी काढली नसती. पहिल्या 'ऱ्या'ची वळणदार रेघ थोडी लांब, द च्या पोटाकडे झेपावणारी करा आणि दुसरी आखूड ठेवा. 'खो' च्या मात्रेचा कल काना आणि मात्रा मिळून एका फटक्यात काढल्यासारखा करा. 'यां' वरचे टिंब गोल न ठेवता बोरूने टेकवल्यासारखे चौकोनी, किंचित तिरके घ्या. एवढ्या तीन बदलांनी फॉन्टचे शीर्षक तुमचे स्वतःचे होते, आणि संपूर्ण अक्षरांकन हाताने करण्याएवढा वेळही लागत नाही.

अखेरीस शीर्षक काळ्या रंगात, केवळ दोन सेंटिमीटर रुंद करून छापा, कारण आजकाल मुखपृष्ठ आधी मोबाइलवर तेवढ्याच आकारात दिसते. ते घरातल्या एखाद्या चष्मा लावणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. त्यांनी 'दर्याखोर्यांचा' असे वाचले, तर पुन्हा त्या दोन रेघांकडे जा.